शेक देण्याआधी, देताना आणि दिल्यावर: उष्णोपचाराची यंत्रे पहिल्यांदा हाती घेणाऱ्यांसाठी

फिजिओथेरपी विभागात नव्याने उभे राहिलात की पहिल्या दिवसापासून कानावर पडणारे वाक्य म्हणजे, "यांना शेक देऊन घ्या, मग मी बघते." ऐकायला सोपे. पण कशाचा शेक, किती खोल, किती वेळ आणि त्यानंतर लगेच काय, हे कुणी नीट सांगितले नसेल तर दोनपैकी एक चूक हमखास होते. रुग्णाला चटका बसतो, नाहीतर वीस मिनिटे छान ऊब घेऊन तो आला तसाच आखडलेला घरी जातो. पहिली चूक सगळ्यांना दिसते. दुसरी रोज होते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

विद्यार्थी, इंटर्न आणि सहायक यांना दोन्ही टाळता याव्यात म्हणून हे टप्पे इथे मांडले आहेत. गरम पॅक, मेण, दिवा, अल्ट्रासाऊंड (ध्वनिलहरींनी तापवणारे) आणि शॉर्टवेव्ह डायथर्मी (विद्युतचुंबकीय ऊर्जेने खोलवर तापवणारे) एवढीच यंत्रे धरली आहेत, कारण दुखावलेल्या स्नायूंवर, स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडरांवर आणि सांध्याच्या आवरणांवर रोजच्या कामात हीच लागतात. उपचार ठरवणे हे तुमच्या वरिष्ठ फिजिओथेरपिस्टचे काम आहे. ठरलेला उपचार बिनधोक आणि उपयोगी पडेल असा देणे हे तुमचे.

१. उष्णता आत जाऊन काय करते ते आधी समजून घ्या

स्नायू, कंडरा, अस्थिबंध (हाड हाडाला जोडणारे पट्टे), सांध्याचे आवरण, स्नायूंवरचे पातळ वेष्टन या सगळ्यांना मिळून मऊ ऊती म्हणतात. त्यांना उपचाराची उष्णता मिळते ती साधारण ४० ते ४५ अंश सेल्सिअस या पट्ट्यात. त्याच्या खाली राहिलो तर नुसती ऊब. त्याच्या वर गेलो तर प्रथिने बिघडू लागतात, म्हणजे आपण बरे करायला घेतलेली ऊतीच भाजते.

या पट्ट्यात पोचेपर्यंतही टप्पे आहेत. ऊतीचे तापमान मूळच्यापेक्षा १ अंशाने वाढले की तिथली चयापचयाची गती वाढते. २ ते ३ अंशांनी वाढले की दुखणे आणि स्नायूंची उबळ कमी होते, रक्तपुरवठा वाढतो. आखडलेल्या, चिकटलेल्या ऊतीतला कोलॅजन (तिला घट्टपणा देणारे तंतुमय प्रथिन) ताणायला सैल व्हावा असे वाटत असेल, तर ४ अंशांच्या आसपास वाढ लागते. म्हणून यंत्राला हात लावण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा: मला दुखणे कमी करायचे आहे, की आखडलेली जागा मोकळी करायची आहे? वेळ, तीव्रता आणि यंत्र, तिन्ही त्या उत्तरावर ठरतात.

यंत्रावरचा आकडा ऊतीचे तापमान दाखवत नाही, हेही आत्ताच पक्के करून घ्या. टाकीचा थर्मोस्टॅट पाण्याचे तापमान सांगतो, अल्ट्रासाऊंडचा पडदा बाहेर पडणारी शक्ती सांगतो. आत किती गरम झाले हे कळायला तुमच्याकडे तीनच साधने आहेत: रुग्णाचे शब्द, त्याची त्वचा आणि घड्याळ.

शस्त्रक्रियेतल्या उष्णतेशी याची गल्लत नको. सैल झालेल्या खांद्याचे आवरण ६० अंशांच्या पुढे तापवून आकसवण्याची पद्धत १९९० च्या दशकात बरीच चालली आणि आवरण पुन्हा सैल होणे, कूर्चा नष्ट होणे अशा गुंतागुंतींमुळे मागे पडली. ऑपरेशन थिएटरमध्ये 'डायथर्मी' म्हणतात ते तर ऊती कापायचे आणि रक्तस्राव थांबवायचे साधन. फायलीत हा शब्द दिसला की तो कोणत्या अर्थाने आहे ते तपासूनच पुढे जा.

२. कुणाला शेकायचे नाही

दुखापत ताजी असेल, सूज चढत असेल, जागा लाल आणि स्पर्शाला गरम असेल, तर पहिले ४८ ते ७२ तास शेक नाही. उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावतात आणि सूज आणखी वाढते. पाय मुरगळलेला माणूस दुसऱ्या दिवशी येऊन "शेक द्या" म्हणतो, आणि नवखा माणूस त्याचे मन मोडायला नको म्हणून पॅक ठेवतो. संध्याकाळपर्यंत घोटा दुप्पट झालेला असतो. इथे ठाम राहा आणि कारण समजावून सांगा. कारण कळले की बहुतेक लोक ऐकतात.

याशिवाय पुढीलपैकी काहीही असेल तर थांबा आणि वरिष्ठांना विचारा:

- त्या जागी संवेदना कमी असणे (मधुमेह, मज्जातंतूची इजा, पक्षाघात)
- रक्तपुरवठा कमकुवत असणे किंवा खोल शिरेत गुठळी असल्याची शंका
- रक्तस्रावाची प्रवृत्ती किंवा नुकताच झालेला रक्तस्राव
- कर्करोगाची गाठ त्या भागात असणे, किंवा तिथे किरणोपचार झालेले असणे
- उघडी जखम, पू, त्वचेचा संसर्ग, ताप
- गरोदरपण (पोट, ओटीपोट आणि कंबर, डायथर्मी तर कुठेच नाही)
- डोळे आणि वृषणे यांच्या जागा
- बोललेले नीट न समजणारा, गुंगीत असलेला किंवा सांगू न शकणारा रुग्ण

यादीत सहसा न सापडणारी एक गोष्ट म्हणजे औषधाची पट्टी. फेंटानिलसारख्या वेदनाशामकाची पट्टी अंगावर असेल आणि तिच्यावर किंवा तिच्याजवळ शेक दिला, तर औषध त्वचेतून भराभर शोषले जाते आणि श्वास मंदावण्याइतकी मात्रा रक्तात जाऊ शकते. "अंगावर कुठे औषधाची पट्टी लावली आहे का?" हा प्रश्न प्रत्येकाला वेगळा विचारा, कारण 'गोळ्या कोणत्या चालू आहेत' या प्रश्नाच्या उत्तरात पट्टीचा उल्लेख येत नाही. दुखण्यावरचे झोंबणारे मलम लावून आलेल्याचे मलम आधी धुऊन काढा. मलमाच्या जळजळीत खरा चटका कळत नाही.

३. हाताशी काय हवे

कागद:

- उपचाराची लेखी सूचना: कोणती जागा, कोणते यंत्र, किती वेळ
- वरच्या यादीवर आधारित तपासणीपत्र, रुग्णाला विचारून भरलेले
- रुग्णाची संमती
- पेसमेकर किंवा शरीरात बसवलेले कोणतेही उपकरण असल्यास त्याचे कार्ड
- यंत्राची नोंदवही: शेवटची तपासणी आणि कॅलिब्रेशन (यंत्राचे आकडे बरोबर आहेत ना याची पडताळणी) कधी झाले

वस्तू: कोरडे टर्किश टॉवेल (एका रुग्णामागे किमान चार धरा), लांब चिमटा, पाण्यात आणि मेणात बुडवता येणारा थर्मामीटर, दोन टेस्ट ट्यूब, टायमर, रुग्णाच्या हातात द्यायची घंटी, अल्ट्रासाऊंड जेल, टिश्यू पेपर, प्लास्टिकच्या पिशव्या. डायथर्मीसाठी लाकडी पलंग किंवा लाकडी खुर्ची, आणि तीही जवळपास धातू नसलेल्या जागेत.

४. संवेदना तपासा, रोज

ही तपासणी पहिल्या दिवशी करून पुढे सोडून देतात. करू नका. त्वचेची संवेदना आठवड्यात बदलू शकते, आणि एरवी रुग्ण 'कळतंय, कळतंय' असे सवयीने म्हणतो.

दोन टेस्ट ट्यूब घ्या. एकीत ४० ते ४५ अंशांचे पाणी, दुसरीत १५ ते २० अंशांचे. दोन्ही बाहेरून कोरड्या पुसा, कारण ओलेपणावरून रुग्णाला अंदाज बांधता येतो. आधी दुखरी नसलेल्या बाजूला लावून दाखवा: "हे गरम, हे गार." मग डोळे मिटायला सांगा आणि उपचाराच्या जागेवर वेगवेगळ्या ठिकाणी, क्रम मोडून, दोन-तीन सेकंद ट्यूब टेकवत जा. गरम, गार, गार, गरम, गार. ठरावीक आलटून-पालटून लावलीत तर रुग्ण क्रम ओळखतो, त्वचा नाही. एकदा चुकले तर पुन्हा विचारा. पुन्हा चुकले तर त्या जागेवर आज शेक नाही.

त्याच वेळी त्वचा नीट बघून घ्या: वण, पुरळ, जुने चट्टे. जाळीसारखे तपकिरी-लालसर डाग दिसले तर रुग्ण घरी रोज तासन्‌तास शेकत असतो असे समजा. वारंवारच्या उष्णतेने त्वचेवर हे जाळे उमटते. तिथे आणखी शेकण्याआधी वरिष्ठांना दाखवा आणि घरचा शेक थांबवायला सांगा.

५. दुखणे किती खोल आहे, त्यावर यंत्र

गरम पॅक, मेण आणि दिवा ही वरवरची साधने. त्यांची उष्णता त्वचेखाली जेमतेम सेंटीमीटरभर नीट पोचते. बोटांचे सांधे, मनगट, घोट्याच्या कंडरा अशा उथळ जागांना ती पुरते. गरम पॅक पंधरा मिनिटे ठेवला तर १ सेंमी खोलीवर तीन-चार अंश वाढ मिळते, पण ३ सेंमी खाली एक अंशही क्वचितच. मांडीच्या किंवा नितंबाच्या खोल स्नायूला पॅकने 'तापवले' असे म्हणणे म्हणूनच चूक आहे. तिथे बरे वाटते ते त्वचेच्या उबेने, आणि नुसते दुखणे कमी करायचे असेल तर तेवढेही उपयोगी असते. खोलवरच्या ऊतीसाठी १ मेगाहर्ट्झचे अल्ट्रासाऊंड (जागा लहान असेल तर) किंवा डायथर्मी (जागा मोठी असेल तर) लागते.

६. गरम पॅक

कॅनव्हासच्या कप्प्यांमध्ये बेंटोनाइट नावाची माती भरलेली असते. ती पाणी शोषून फुगते आणि उष्णता बराच वेळ धरून ठेवते. टाकीतले पाणी ७१ ते ७४ अंशांवर ठेवायचे. सकाळी टाकीत थर्मामीटर बुडवून बघा. थर्मोस्टॅटच्या खुंटीवर विश्वास ठेवू नका, तो बिघडला की पाणी उकळीकडे जाते आणि बाहेरून काहीच कळत नाही. पॅक पाण्यात पूर्ण बुडालेले हवेत. नवा पॅक पहिल्या वापरापूर्वी रात्रभर, शक्यतो २४ तास भिजवा. वापरून परत टाकलेला पॅक पुन्हा तापायला अर्धा तास द्या, नाहीतर दुसऱ्या रुग्णाला कोमट पॅक मिळतो.

पॅक चिमट्याने काढा, टाकीवर धरून निथळू द्या आणि टॉवेलच्या ६ ते ८ थरांत गुंडाळा. इथे मोजण्यात चूक होते. एक टॉवेल मधोमध दुमडला म्हणजे २ थर, पुन्हा दुमडला म्हणजे ४. पॅक आणि त्वचा यांच्या मध्ये येणारे थर मोजायचे, पॅकच्या वर पांघरलेले नाहीत. तयार खोळ वापरत असाल तर ती किती थरांच्या बरोबरीची आहे ते विचारून घ्या आणि उरलेले थर टॉवेलने भरा. टॉवेल कोरडा हवा. आधीच्या रुग्णाचा ओलसर टॉवेल पुन्हा वापरलात तर थर तितकेच दिसतात, पण ओलावा उष्णता थेट त्वचेपर्यंत नेतो.

पॅक रुग्णाच्या अंगावर ठेवा, रुग्णाला पॅकवर झोपवू नका. अंगाच्या वजनाने पॅकमधले गरम पाणी टॉवेलमध्ये पिळले जाते आणि दाबाखाली रक्त नीट फिरत नसल्याने उष्णता वाहून नेली जात नाही. पाठीचा शेक असेल तर पालथे झोपवा. पालथे झोपणे जमतच नसेल आणि वरिष्ठांनी परवानगी दिली, तर थर वाढवा आणि दुप्पट वेळा तपासा.

वेळ १५ ते २० मिनिटे. त्वचा सर्वांत जास्त तापते ती पहिल्या आठ-दहा मिनिटांत. म्हणून पाचव्या मिनिटाला पॅक उचलून बघायचेच, रुग्ण कितीही आरामात असला तरी.

७. मेणाचा शेक

हातापायाच्या बोटांसाठी याच्याइतके सोयीचे दुसरे साधन नाही, कारण मेण प्रत्येक खाचेत जाऊन बसते. पॅराफिन मेणाच्या ६ ते ७ भागांत १ भाग खनिज तेल मिसळलेले असते. तेलाने मेणाचा वितळबिंदू खाली येतो. हातासाठी मेण ५२ ते ५४ अंशांवर ठेवा, पायासाठी याहून थोडे कमी. त्याच तापमानाचे पाणी भाजेल, मग मेण का भाजत नाही? मेणाची उष्णता धरण्याची क्षमता पाण्याच्या जवळपास निम्मी असते, ते उष्णता सावकाश सोडते, आणि पहिलाच थर गोठून त्वचेवर कवच बनतो.

अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढा. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडा करा, बोटांच्या बेचक्यांसकट. बेचक्यात राहिलेला पाण्याचा एक थेंब मेणाखाली अडकून तापतो आणि तिथेच फोड येतो.

बोटे किंचित फाकवून, मनगट सैल ठेवून हात मेणात बुडवायला सांगा, एक-दोन सेकंदांत बाहेर, मेणाची चमक जाऊन थर मंद दिसेपर्यंत थांबा, पुन्हा बुडवा. असे ६ ते १० वेळा. दोन सूचना रुग्णाला आधीच द्या. एक, बोटे हलवायची नाहीत. थराला तडा गेला की फटीतून गरम मेण आत शिरते. दोन, पहिल्यांदा जिथपर्यंत बुडवले त्याच्या थोडे खालीच पुढची प्रत्येक वेळ थांबायचे. वर गेलात तर नवे मेण काठावरून जुन्या थराच्या आत उतरते.

मग प्लास्टिकची पिशवी, वर टॉवेल, आणि १५ ते २० मिनिटे हात किंचित उंच ठेवून स्वस्थ. मेण मोज्यासारखे अख्खे निघते. उघड्या जखमेवर मेण नाही. मेण थेट आचेवर कधीही तापवू नका, ते पेट घेते. तापमान राखणारे भांडेच हवे.

८. इन्फ्रारेड दिवा

सोपे साधन, आणि म्हणूनच निष्काळजीपणा जास्त. २५० वॅटचा प्रकाश देणारा दिवा त्वचेपासून ४५ ते ६० सेंमीवर, किरण त्वचेवर सरळ काटकोनात पडतील असा लावा. तिरपा लावला तर तीव्रता कमी होते. अंतर अर्धे केले की तीव्रता दुप्पट नव्हे, चौपट होते: ६० सेंमीवरून ३० वर आणलेला दिवा चारपट तापवतो. "जरा जवळ घ्या ना" असे रुग्ण म्हणाला तर टेपने मोजून पाच सेंमी सरकवा, अंदाजाने नाही. दिवा बरोबर डोक्यावर टांगल्यासारखा ठेवू नका, बाजूला उभा करा, म्हणजे बल्ब फुटला किंवा स्टँड कलंडला तर अंगावर पडणार नाही. डोळे झाका. प्रकाश न देणारा प्रकार असेल तर तो दहा-पंधरा मिनिटे आधी सुरू करून ठेवा. वेळ १५ ते २० मिनिटे.

९. अल्ट्रासाऊंड

सर्वांत जास्त वापरले जाणारे आणि सर्वांत जास्त वाया जाणारे यंत्र हे. वाया का जाते ते आकड्यांत बघा.

१ मेगाहर्ट्झच्या लहरी २ ते ५ सेंमी खोल काम करतात, ३ मेगाहर्ट्झच्या १ ते २ सेंमी. सलग लहर, तीव्रता दर चौरस सेंटीमीटरला १ वॅट, आणि जागा हेडच्या (त्वचेवर फिरवायच्या, लहरी सोडणाऱ्या टोकाच्या) दुप्पट, असे धरले तर स्नायूचे तापमान १ मेगाहर्ट्झला मिनिटाला सुमारे ०.२ अंश आणि ३ मेगाहर्ट्झला सुमारे ०.६ अंश वाढते. दीड वॅट केले तर ०.३ आणि ०.९.

आता 'पाच मिनिटे, १ मेगाहर्ट्झ, १ वॅट' ही सवयीने दिली जाणारी मात्रा घ्या. पाच गुणिले ०.२ म्हणजे फक्त १ अंश. आखडलेली ऊती ताणायला ४ अंश हवे असतील तर त्याच तीव्रतेला वीस मिनिटे लागतील, दीड वॅटला तेरा. उथळ कंडरा असेल तर ३ मेगाहर्ट्झ, १ वॅट आणि सात मिनिटे पुरतात.

जागेचाही हिशोब तसाच कडक आहे. हेडचे प्रत्यक्ष काम करणारे क्षेत्र ५ चौरस सेंमी असेल, तर एका वेळी शेकायची जागा १० चौरस सेंमी: साधारण अडीच सेंमी रुंद आणि चार सेंमी लांब. संपूर्ण कंबर २०० चौरस सेंमी धरली तर तशा वीस पट्ट्या होतात, आणि प्रत्येकीला तेरा मिनिटे म्हणजे चार तासांहून जास्त. पाच मिनिटांत सगळ्या कंबरेवरून हेड फिरवणे म्हणजे जेल लावणे, दुसरे काही नाही. मोठ्या जागेला हे यंत्र नाहीच. स्पंदित २० टक्के लहरीने, म्हणजे २० टक्केच वेळ चालू राहणाऱ्या लहरीने, ऊती फारशा तापत नाहीत, तेव्हा उष्णता हवी असेल तर यंत्र सलगवर आहे ना ते बघा.

देण्याची पद्धत:

जागा पेनने आखून घ्या. जेल भरपूर लावा. हेड आणि त्वचा यांच्यात हवेचा पातळ थर राहिला तरी लहरी जवळपास पूर्ण परत फिरतात. हेड टेकवा, फिरवायला लागा आणि मगच तीव्रता वाढवा. हवेत धरून चालू ठेवले तर हेडमधला लहरी निर्माण करणारा क्रिस्टल तापून खराब होतो. हेड सपाट ठेवा, सेकंदाला ३ ते ४ सेंमी, एकमेकांवर चढणाऱ्या फेऱ्यांनी. वेग यापेक्षा वाढतो तो कंटाळ्याने, आणि वेग वाढला की जागा नकळत पसरते.

एका ठिकाणी थांबायचे मात्र नाही. हेडवर 'बीम नॉनयुनिफॉर्मिटी रेशो' लिहिलेला असतो. तो ५ असेल तर सरासरी १ वॅट दाखवत असतानाही झोताच्या सर्वांत तीव्र बिंदूला ५ वॅट असू शकतात. हाड वर असलेल्या जागी, घोट्याला किंवा कोपराला, रुग्ण "आत खोल ठणकतंय" म्हणाला तर ते हाडावरच्या आवरणाचे तापणे आहे. तीव्रता लगेच कमी करा. "थोडं सहन करा" असे इथे कधीही म्हणू नका.

वाढत्या मुलांच्या हाडांची वाढीची टोके, हृदय, डोळे, मणक्याचे हाड काढलेली जागा, हाडाचे सिमेंट किंवा प्लास्टिकचे भाग असलेला कृत्रिम सांधा, यांवर अल्ट्रासाऊंड नाही. नुसत्या अल्ट्रासाऊंडने मऊ ऊतींच्या दुखापती बऱ्या होतात याचा पुरावा कमकुवत आहे. ताणाच्या व्यायामाची तयारी म्हणून ते वापरले तर त्याला अर्थ येतो.

१०. शॉर्टवेव्ह डायथर्मी

२७.१२ मेगाहर्ट्झची विद्युतचुंबकीय ऊर्जा, तरंगलांबी सुमारे ११ मीटर. मोठ्या जागेतल्या खोल ऊतींना तापवायला हे योग्य यंत्र आहे. आणि या लेखातले सर्वांत धोक्याचेही हेच, म्हणून पहिले काही दिवस एकट्याने लावू नका.

आधी नकार. पेसमेकर असलेला रुग्ण या यंत्राजवळ नाही. शेजारच्या पलंगावर किंवा वाट बघत त्याच खोलीतही नाही. मेंदूत, मणक्यात किंवा मज्जातंतूपाशी इलेक्ट्रोड बसवलेले असतील तर उपकरण बंद असले, बॅटरी काढलेली असली, तरी नाही. आतली तार ऊर्जा गोळा करते आणि तिच्या टोकाशी ऊती भाजते. मेंदूतल्या इलेक्ट्रोडमुळे गंभीर इजा आणि मृत्यूही झाल्यावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००२ मध्ये याबाबत जाहीर इशारा दिला होता. म्हणून प्रश्न "मशीन बसवलंय का?" एवढाच नको. "पूर्वी कधी बसवलं होतं का, आणि त्याची तार अजून आत आहे का?" असाही विचारा. उपचाराच्या जागेत धातूची प्लेट, स्क्रू किंवा तांब्याची गर्भनिरोधक तांबी असेल तरी नाही.

मग तयारी. नाणी, किल्ल्या, हूक, दागिने, श्रवणयंत्र, मोबाइल सगळे दूर. त्वचा उघडी आणि कोरडी. घामाचा एक थेंब किंवा ओल्या कपड्याची घडी ऊर्जा एका जागी गोळा करते आणि नेमके तिथे भाजते. म्हणून मध्ये कोरडा टॉवेल ठेवा आणि त्वचेच्या घड्या टॉवेलने वेगळ्या करा. दोन प्लेटची पद्धत असेल तर प्लेट त्वचेपासून २ ते ४ सेंमीवर आणि त्वचेला समांतर. प्लेटचा एक काठ जवळ आला की तेवढाच भाग तापतो. केबल एकमेकींना, रुग्णाला, जमिनीला किंवा धातूला टेकू देऊ नका. प्लेटच्या पद्धतीत चरबी जास्त तापते. चरबीचा थर जाड असेल आणि स्नायू तापवायचा असेल तर गुंडाळीच्या हेडची पद्धत विचारून घ्या.

यंत्र सुरू करून ट्यूनिंग करा (यंत्राचे सर्किट रुग्णाच्या शरीराशी जुळवून घ्या) आणि तीव्रता हळूहळू चढवा. मात्रा रुग्णाच्या जाणिवेवर चार पायऱ्यांत मोजतात: पहिली, ऊब जाणवण्याच्या थोडी खाली, दुसरी, जेमतेम जाणवणारी, तिसरी, सुखद आणि स्पष्ट, चौथी, सहन होईल इतकी कमाल. नवख्याने तिसरीच्या पुढे जायचे कारण नाही. पहिली पाच मिनिटे ऊब चढत असते, म्हणून सुरुवातीला "काहीच वाटत नाही" ऐकून खुंटी फिरवू नका.

स्पंदित प्रकारही तापवतो, मात्र सरासरी शक्ती काढून बघायला हवी. स्पंदाची शक्ती १५० वॅट, लांबी ४०० मायक्रोसेकंद आणि सेकंदाला ८०० स्पंद असतील, तर १५० × ०.०००४ × ८०० = ४८ वॅट. एवढ्याने पंधरा-वीस मिनिटांत ३ सेंमी खोलीवर चार अंशांच्या जवळपास वाढ मिळते. तेच स्पंद सेकंदाला १०० केले तर ६ वॅट, म्हणजे जवळजवळ उष्णता नाही.

यंत्र चालू असताना तुम्हीही त्याच्यापासून आणि केबलपासून किमान १ मीटर दूर राहा. गरोदर असाल तर हे काम सरळ दुसऱ्याकडे द्या. अशी सूट मागून घ्यायला संकोच करण्यासारखे त्यात काही नाही.

११. शेक चालू असताना

"बरं वाटतंय ना?" असे विचारू नका. समोरचा मान राखून "हो" म्हणतो. "काकू, आत्ता तिथे नेमकं कसं वाटतंय? कोमट, गरम, की टोचल्यासारखं?" असे विचारा. अपेक्षित उत्तर 'छान ऊब'. टोचणे, जळजळ, एकाच बिंदूत गरम, खोल ठणका, यांपैकी काहीही आले तर थांबवा आणि बघा. रुग्णाला आधीच सांगून ठेवा: "जास्त गरम म्हणजे जास्त फायदा, असं नसतं." बरेच जण चटका सहन करतात ते याच समजुतीने.

त्वचा एकसारखी गुलाबीसर (सावळ्या त्वचेवर किंचित गडद आणि उबदार) दिसायला हवी. लाल-पांढरे ठिपके दिसले, तर ती भाजण्याची सुरुवात आहे. घंटी हातात द्या, टायमर लावा आणि नजरेच्या टप्प्यात राहा. डोळा लागू देऊ नका, विशेषतः गुंगीच्या गोळ्या घेणाऱ्याचा.

१२. शेक संपल्यावरची पहिली पाच मिनिटे

सगळी मेहनत इथे फळते नाहीतर वाया जाते. ३ मेगाहर्ट्झच्या अल्ट्रासाऊंडने तापवलेली उथळ ऊती तीन-साडेतीन मिनिटांत ताणण्याजोग्या तापमानाखाली येते. डायथर्मीने तापलेला खोल स्नायू थोडा जास्त वेळ देतो, पण तोही थांबून राहत नाही. जेल पुसा, रुग्णाला उठवा, फाइल शोधा, वरिष्ठांना हाक मारा, एवढ्यात ती वेळ निघून जाते.

म्हणून ताणाची तयारी शेक चालू असतानाच करा. वरिष्ठांना शेवटची दोन मिनिटे उरली असताना कळवा. शक्य तिथे जागा ताणलेल्या स्थितीत ठेवूनच शेका: पोटरीसाठी घोटा वर वळवून, आखडलेल्या खांद्यासाठी हात सुसह्य टोकाला नेऊन उशीवर टेकवून. शेक संपताच हळू, न झटकता, ३० सेकंदांचे तीन-चार ताण. मग रुग्णाने स्वतः ती हालचाल करून मिळालेली मोकळीक वापरायची. उष्णतेने सैल झालेली ऊती जोराने ओढली तर फाटू शकते, हेही ध्यानात असू द्या.

मोठ्या जागेचा शेक झाल्यावर रुग्णाला लगेच उभे करू नका. रक्तदाब खाली आलेला असतो, चक्कर येते. दोन मिनिटे बसवा.

१३. भाजलेच तर

यंत्र बंद, स्रोत दूर. अंगठ्या, घट्ट कपडे सूज येण्याआधी काढा. त्या जागेवर वाहते गार पाणी २० मिनिटे. बर्फ नाही, मलम नाही, फोड फोडायचा नाही. नंतर स्वच्छ, न चिकटणाऱ्या पट्टीने सैल झाका आणि डॉक्टरांना दाखवा. डायथर्मीनंतर त्वचा फार बिघडलेली दिसत नसली तरी रुग्ण आत जळल्यासारखे सांगत असेल तर त्याचे ऐका, खोल ऊती आधी भाजलेल्या असू शकतात. यंत्र तपासणी होईपर्यंत वापरातून बाजूला काढा आणि त्यावर तशी चिठ्ठी लावा. वरिष्ठांपासून लपवू नका: लपवलेला भाजल्याचा प्रकार दुसऱ्या रुग्णाला त्याच यंत्रावर पुन्हा होतो.

१४. नोंद

'शेक दिला' ही नोंद नाही. उद्या तुमच्या जागी उभ्या राहणाऱ्याला तीच मात्रा देता यावी इतके लिहा. उदाहरणार्थ:

"उजवा खांदा, पुढची बाजू. अल्ट्रासाऊंड ३ मेगाहर्ट्झ, सलग, १ वॅट प्रति चौ. सेंमी, हेड ५ चौ. सेंमी, जागा १० चौ. सेंमी, ७ मिनिटे. संवेदना बरोबर. त्वचा आधी स्वच्छ, नंतर एकसारखी गुलाबी. चौथ्या मिनिटाला 'छान ऊब'. संपल्यावर १ मिनिटाच्या आत ताण, ३० सेकंद, ४ वेळा. हात बाजूने वर नेणे: आधी ९५ अंश, नंतर १०४."

शेवटचे दोन आकडे मोजायला कोनमापक जवळ ठेवा. चार-पाच बैठकांत ते आकडे हलले नाहीत तर मात्रा, यंत्र किंवा निदान यांपैकी काहीतरी बदलायला हवे, आणि तुमची वही दाखवून तसे वरिष्ठांना सांगता येते.